मंगळवारचा शेवटचा खेळ

मंगळवारी तिकीट अर्ध्या किमतीत.
नदीकाठच्या या गावात, डब्यूकमध्ये,
टेकडीटेकडीवर एकेक चर्च, आणि खाली
बंद पडलेल्या गिरणीशेजारी आमचं थिएटर.
माझं काम दाराशी उभं राहायचं.
हातात टॉर्च, छातीवर बिल्ला: 'सनी'.
सुनंदा म्हणताना ड्वेनची जीभ घसरते,
मीही सोडून दिलं.

सिनेमा मी पाहत नाही.
चौथा आठवडा, आता कानांना पाठ झालाय:
आधी घंटा, मग दगडी जिना,
मग भिंतीपलीकडे कुणी नारळ खवतंय तसा आवाज.
बाकीच्यांना ती नखं वाटतात.

गोष्ट साधी. डोंगरावरचा मठ, अकरा नन,
आणि रोज रात्री जेवणाच्या टेबलावर बारा ताटं.
बारावं कोण मांडतं ते कळत नाही.
सकाळी ते चाटूनपुसून साफ.

मी पाहते माणसं.
मागच्या रांगेतली कॉलेजची पोरं
भीती यायच्या आधीच हसून घेतात,
उसनं फेडून टाकावं तशी.
एक बाई, दवाखान्यातून थेट आलेली,
शेजारी नवरा असताना
पर्सचा बंद घट्ट धरून बसते.
टोपीवर हरणाचं चित्र असलेला एक धिप्पाड माणूस
क्रूस उलटा झाला तसा उठून बाहेर आला.
पाण्याच्या नळाशी वाकून मला म्हणाला,
"मी काही देवबिव मानत नाही."
मी विचारलं नव्हतं.

आणि ते दार उघडतं तेव्हा
सगळ्या थिएटरचा श्वास एकदम आत जातो.
इतक्या छात्या एकाच वेळी हललेल्या
मी आमच्या देवळात पाहिल्या होत्या, गाऱ्हाण्याला.
मानकरी क्षणभर थांबला की
खांबाखांबाआडून एकच आवाज: होय म्हाराजा!
इथे होय म्हणायला कुणी नाही.
नुसता श्वास,
आणि मग कुणाच्या तरी हातून सांडलेला बर्फ.

शेवटी काही उलगडत नाही.
पार्किंगमध्ये बोनेटवर कोपरं टेकून वाद:
बारावी भिंतीत चिणलेली होती.
छे, मदर सुपीरियरच उठून खायची.
नाही रे, तो सैतान.
नाही, देव.
इथे जरा सगळेच गप्प होतात.
मग कुणीतरी किल्ली फिरवतं.

सिस्टर ओडिलिया आज तिसऱ्यांदा आली होती.
ऐंशीच्या पुढची. वरचा मठ विकला गेल्यापासून
बसस्टॉपसमोरच्या दोन खोल्यांत राहते.
भलत्याच ठिकाणी हसते.
दिवे लागले तरी उठेना. मी झाडू घेऊन थांबले.
म्हटलं, तुम्हाला भीती नाही वाटत?
"थंडी चुकीची दाखवलीय," ती म्हणाली.
"जानेवारीत प्रार्थनेबरोबर तोंडातून वाफ निघायची.
आणि ताट. जास्तीचं ताट आम्हीही मांडायचो,
वाटेवरून कुणी उपाशी आलं तर म्हणून.
एक्केचाळीस वर्षं मांडलं."
तिनं बोटांवरचं मीठ रुमालाला पुसलं.
"उचललंही मीच. तसंच, भरलेलं.
त्यावर कोण काढणार सिनेमा."

घरी आले तेव्हा सव्वा वाजला होता.
मुलाची ट्रॅक्टरच्या कारखान्यात रात्रपाळी,
की आणखी कुठे, तो नीट सांगत नाही.
ओट्यावर मी दुपारी झाकलेलं काचेचं ताट,
झाकणाच्या आत वाफेचे थेंब वाळलेले.
मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं.
काचेमागे उजेड लागला.
भात, आमटी, कडेला लिंबाचं लोणचं
हळूहळू गोल फिरायला लागलं,
आणि मी दाराशी उभी राहिले
टॉर्च धरल्यासारखी मूठ मिटून.