काढ्याचा चोथा

लोंगशीच्या थंडीत पहाटेच
ग्वेइच्येन मडकं शेगडीवर चढवते.
हुआंगचीच्या पिवळट कापा,
डॉक्टर घसा बघताना
जिभेवर ठेवतात तसल्या, चपट्या.

तुंगलियांग ट्रक चालवायचा.
आता कॉटवर पाय सोडून बसतो.
ती नडगीवर अंगठा दाबते.
खळगा पडतो.
तो भरून येईतो मनात आकडे मोजते.
काल एकोणीस,
आज सव्वीस.

दवाखान्यातली पोरगेलीशी डॉक्टरीण म्हणाली होती,
ही सूज म्हणजे ताप नव्हे, आला नि गेला.
भिंतीतली ओल आहे, मावशी.
गोळ्या चुकवायच्या नाहीत. मीठ विसरा.
आणि काढ्यात काय काय पडतं
ते लिहून आणा, मुळीन्‌मुळी.

लिहून नेलं.
तिनं एका नावावर काट मारली:
हे मूळ मूत्रपिंडच पोखरतं.

ते आईनं दिलं होतं.
गाठोड्यात बांधून, दोन बस बदलून.
आईला अजून सांगितलेलं नाही.

अळणी शेवया तो मुकाट खातो.
कुरकुरला असता तर बरं वाटलं असतं.

काढा गाळून ती चोथा घेऊन दारात येते.
रीत आहे, रस्त्यावर टाकायचा,
येणाऱ्याजाणाऱ्याच्या तळव्याला लागून
दुखणं गावाबाहेर जातं.
समोरून शेजारची पोर शाळेला निघालेली,
बुटाची नाडी सुटलेली.

ग्वेइच्येन वळते.
चोथा अक्रोडाच्या बुंध्याशी ओतते,
वर पायानं माती लोटते.

आतून तो विचारतो,
"आज किती?"

"एकोणीस," ती म्हणते.