रकाना

ममदापूरच्या माळावर, टँकरने भरलेल्या पाणवठ्याशी
बाभळीतल्या मचाणावर आम्ही दोघं:
मी वनरक्षक, नोकरीचं दुसरं वर्ष,
आणि उखा काळे, रोजंदारीवर, वय त्यांनाही ठाऊक नाही.
वैशाखी पुनव. तक्त्यात रकाने तीन:
नर, मादी, पाडस.
चौथा शेऱ्याचा. तो कोरा ठेवायचा, असं साहेब म्हणाले.

दुपारी राजापुरात कोंडाजी सानपांनी अडवलं होतं.
"हरणं मोजता? आधी माझे मक्याचे कोंब मोजा, बाई.
दरसाल थोडी मारा, खा, विका.
मेथी खुडतोच की आपण, मूळ ठेवून."
पंचनाम्यावर सही करता करता
त्यांनीच सांगितलं: गेल्या महिन्यात विहिरीत पडलेलं पाडस
खाट सोडून वर काढलं,
दोन रात्री शेळीला लावलं, मग माळावर सोडलं.
मी तेवढं लिहिलं नाही.
नुकसानीच्या नमुन्यात ते बसत नव्हतं.

साडेदहाला पहिली मादी आली.
कान पुढे. पाण्याला तोंड न लावता नुसती उभी.
मग सात. मग एकदम अकरा.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी;
कागदावर मी जणू कुंपणच घालत होते.

उखाबाबा कुजबुजले,
"ती तिसरी बघ, मागला पाय फाकून टाकती.
पोटात हाये तिच्या.
आमचा बा पहाटं फासं मांडायचा.
असली गावली की पाय मोकळा करायचा,
कानाला बारीक चीर द्यायची, सोडून द्यायची.
पुढं दुसऱ्याच्या फाशात आली
तर त्यालाबी कळावं."
"आणि बाकीची? किती धरायची?"
"माळ सांगल तेवढी."
"माळ कसा सांगतो?"
बराच वेळ गप्प.
"गवत बघायचं. लांडगीनं किती पिल्लं वाढवली, ते बघायचं.
आता समदीकडं गिरीपुष्प लावलंय.
त्याला काय इचारायचं?"

दोनच्या सुमाराला चंद्र कलला
आणि एक मादी अगदी मचाणाखाली आली.
डाव्या कानाला चीर. सरळ,
काट्याने फाटते तशी नव्हे.
कडा भरून आल्या होत्या, पण फार जुनी नव्हती.
मी दुर्बीण त्यांच्याकडे दिली.
त्यांनी घेतली नाही.
"कुत्र्यानं वढलं असल," म्हणाले,
आणि दोन्ही हात घोंगडीखाली घेतले.

कायदा मला पाठ आहे, कलमांसकट.
पेन शेऱ्याच्या रकान्यावर धरून
मी बसून राहिले.
खाली तिने एकदाची मान वाकवली.
ती प्यायली, पुष्कळ वेळ,
तिचं पोट पाण्यात हललेलं दिसलं.

मी रेघ ओढली. मादी, एक.
मग, थोडं थांबून,
पाडसाच्या रकान्यात
पेन्सिलीने, फिकट.