खरं

आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात.
येणार होतो, खरं जमलं नाही.
पुण्याच्या साडूला हे कळायला
दोन दिवाळ्या गेल्या.

मी यादीचा माणूस.
भाषण येत नाही, घोषणेत आवाज फाटतो,
खरं मतदार यादी हातात द्या
आणि वडगावातली कुठलीही गल्ली सांगा.
आपला असेल तर टिंब. त्यांचा असेल तर फुली.
कुंपणावरच्याला गोल.
ही विद्या भरमाण्णा धामणेकरांची.
मागावर बसून शिकवायचे,
धोट्याच्या येण्याजाण्यात नावं पुकारत.
"टिंब दाबून काढ," म्हणायचे,
"पुसायला गेलास तर कागद फाटला पाहिजे."

तेव्हा पानंच्या पानं
तीळ सांडल्यागत दिसायची.

यंदा यादी आली ती कन्नडातनं.
वाचता येतं मला. इथं सगळ्यांनाच येतं,
मोर्चाच्या दिवशी तेवढं येत नाही.
वॉर्डाची हद्द मारुतीच्या देवळावरनं गेली,
घंटा एका वॉर्डात, नारळ फोडायचा दगड दुसऱ्यात.
आणि समितीचे उमेदवार दोन.
एकाला शिट्टी, एकाला शिलाई मशीन.
दोघांच्या पत्रकावर तेच हुतात्मे,
तोच भगवा,
खाली ठळक अक्षरांत तेच : एकजूट दाखवा.
छापखानाही एकच होता.

होसूरकरांकडं चहा झाला.
"मत घरचंच हो, खरं नळाला पाणी
दहाव्या दिवशी येतंय, ते कोण बघणार?"
मुचंडीचा प्रमोद, काळ्या दिनाच्या सायकल फेरीत
दंडाला पट्टी बांधून सगळ्यांच्या पुढं असायचा.
आता गळ्यात दिल्लीवाल्यांचं उपरणं.
"काका, सीमाप्रश्न माझाबी हाय,
खरं गटारीचं टेंडर त्यांच्याकडं हाय."
मी गोल काढला. खोडला. परत गोल.
यल्लूबाई उंबऱ्यावरनं हलली नाही.
"माझ्या नवऱ्यानं लाठी खाल्लीया.
माझ्या नावावर फुली मारू नको."
"मारत नाही. मत कुणाला?"
"ते विचारू नको."

मग माझंच घर आलं.
मुलगा वैजनाथ, उपरणंवाल्यांचा बूथप्रमुख.
सून शिवलीला, गोकाकची,
माझ्याशी मराठी बोलते, देवाशी कन्नड.
नात लाडात आजोबा म्हणते,
दहा रुपये हवे असले की अज्जा,
आणि मी दोन्हींना वळतो.
चारशे बारा ते चारशे सोळा.
पेन्सिलीचं टोक तिथंच मोडलं म्हणा,
नाहीतर मी मोडलं म्हणा.

मोजणीला शाळेत बाकावर बसलो.
शिट्टी नऊशे अकरा.
शिलाई मशीन आठशे चौऱ्याहत्तर.
तिसरा एक हजार सेहेचाळीस.
कुणीतरी काडेपेटीवर बेरीज मांडली,
सतराशे पंच्याऐंशी.
बेरीज सगळ्यांनाच येते, निकालानंतर.

गुलाल दारात आला.
वैजनाथ नाचताना माझ्याकडं बघत नव्हता.
निवडून आलेला वाकून पाया पडला, मराठीतच म्हणाला,
"काका, मला फुली मारली होती ना?"
आडनाव त्याचंही 'कर'नंच संपतं.
बापाच्या नावाला माझ्याच हातचं टिंब आहे,
जुन्या यादीत, पान एकोणीस.
कपाळभर गुलाल घेऊन मी आत गेलो,
धुतला, खरं कानामागं राहिला.

रात्री धामणेकरांकडं.
लकव्यानं तोंड वाकडं, नजर शाबूत.
उशाखाली मोडक्या धोट्याचा तुकडा.
"आलो की आपण?"
खोटं बोलायला गेलो नव्हतो.
म्हटलं, "मतं आपलीच जास्त पडली, खरं..."

पुढचं त्यांनी बोलूच दिलं नाही.
"खरं?" म्हणाले,
आणि डोळे मिटून घेतले समाधानानं.
अख्खा जन्म ह्या गल्लीत काढून
त्या रात्री तेवढा त्यांनी
पुण्याचा अर्थ घेतला.