उ. खां.

जाऊबाईंनी बजावलं होतं : उभ्या रेषा घे, गडद घे,
आडवं काही तुझ्या अंगाला शोभायचं नाही.
म्हणून लक्ष्मी रोडवरून काळपट जांभळं कापड घेतलं
आणि शुक्रवारातल्या बोळात अवसरेबाईंकडे गेले.

छाती, कंबर, सीट.
आकडे त्या मोठ्यानं म्हणतात.
बाकावरच्या बाईनं मान वळवली,
मी पोट आत घेतलं.
"सोडा ते. ड्रेस घालून जेवणार ना?"

मग न बोलता वहीत काहीतरी लिहिलं.
मी वाकून पाहिलं :
उ. खां. पाऊण खाली.

कधीपासून?
त्यांनी फळीवरून जुनी वही काढली.
माझं माहेरचं नाव, फिकी शाई,
उ. खां. पाव खाली.

एकवीस वर्षं तपासायच्या वह्यांची पिशवी त्याच खांद्यावर.
औंधच्या मॉलमधले तयार कपडे
मलाच वाकडी म्हणत राहिले,
आणि ही बाई गुपचूप
उजवा खांदा उतरता बेतत आली.

"शनिवारी या. पिशवी डावीकडे घ्या आता."

घेतली. मंडईपर्यंत.
मग भाजी घेताना
कधी उजवीकडे आली, कळलंच नाही.