दोन वर्षांच्या भुवया

मोसुलपो बंदराच्या मागे, जाळी शिवणाऱ्यांच्या गल्लीत
माझी खोली. दारावर पाटी नाही.
यायचं असतं त्या विचारत विचारत येतात,
कपाळावर केस ओढून.

आज को बुन-ओक आल्या. वय एकाहत्तर.
पायांत रबरी बूट, नखांत काळी वाळू,
कानांत जन्माचं पाणी, म्हणून बोलणं अंमळ मोठ्यानं:
"भुवया हव्यात. पेन्सिलीच्या काढते, त्या समुद्र पुसून नेतो."

मी दोन वाट्या पुढे ठेवल्या.
ही शाई खोल जाते, मरेपर्यंत राहते.
ही वरच्यावर. दोन वर्षांत विरते,
मग पुन्हा यायचं, पुन्हा मोजायचे पैसे.

"मग खोलच जाऊ दे," त्या म्हणाल्या,
"मी आयुष्यभर तेच केलंय.
आणि मरेपर्यंत म्हणजे आता कितीसं?"

मी सुई उचलली नाही.
"यांग चुन-जांच्या पाहिल्यात ना?"
अख्ख्या बंदरानं पाहिल्यात.
तीस वर्षांमागे बुसानहून कुणी बाई आली होती बोटीनं,
एका दुपारी अकरा जणींना काळंभोर करून
संध्याकाळच्या बोटीनं गेली.
आता त्या अकरा जोड्या बांगड्याच्या पाठीसारख्या
हिरव्या-निळ्या. ओहोटी लागावी
तसे चेहरे उतरत गेले,
भुवया राहिल्या भरतीच्या खुणेवर.

बुन-ओक हसल्या. मग बुटाकडे बघत राहिल्या.
"फोटो काढायचाय," म्हणाल्या. "तो. चौकटीतला.
पांढऱ्या फुलांत ठेवतात तो.
लेक म्हणते, सोलला ये, इथे छान काढतात.
म्हटलं, जाण्याआधी कपाळाखाली काहीतरी असू दे."

फोटोपुरती पेन्सिल पुरते, मी म्हणाले.
असं बोलून माझा धंदा कधी होणार, देव जाणे.

"आणि आरशापुरती?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
मी दोऱ्यानं माप घेतलं, नाकापासून, डोळ्याच्या कोपऱ्यापासून.
मास्कच्या रबरानं पन्नास वर्षं घासून
एकही केस ठेवला नव्हता तिथे,
फक्त एक वळ, गोल, बरणीच्या झाकणासारखा.
कच्ची रेघ काढून आरसा दिला.
त्यांनी तो लांब धरला, जवळ आणला,
आणि कुणा नात्यातल्या बाईकडे बघावं तसं बघितलं,
जिचं नाव आठवत नाही, पण देणं आठवतं.

"दोन वर्षं म्हणालीस?"
दोन. समुद्रात जाता, तेव्हा कदाचित दीडच.
"पोरी, मी दोन मिनिटांचा श्वास घेऊन खाली जाते.
तेवढ्यात शंख शोधते, उपटते, भांडतेही दगडाशी,
आणि वर येते. दीड वर्षात तर
मी घर बांधेन."
आणि डोळे मिटून आडव्या झाल्या.

केसागणिक एक ओरखडा. तास दीड तास.
दुखलं का विचारलं तर घोरत होत्या.

माझ्या भुवया कायमच्या आहेत. सांगायचं राहिलं.
शिकत होते तेव्हा गुरूणीनं माझ्यावरच हात साफ केला,
डावी उजवीपेक्षा दाणाभर वर.
तेव्हापासून मी सदाच चकित.
वीजबिल आलं, चकित. लेक नापास झाली, चकित.
नवऱ्याला निरोप द्यायला लोक जमले, रांगेत वाकले,
आणि माझ्याकडे बघून प्रत्येकाला वाटलं
की हिला हे आत्ताच कळतंय.
तीन वर्षं माहीत होतं मला.

बुन-ओकनी अर्धे पैसे रोख दिले,
अर्ध्यांच्या बदल्यात ओल्या शंखांची पिशवी.
आठवडाभर पाणी लावू नका, मी बजावलं.
"उद्या भरती-ओहोटी चांगली आहे," त्या म्हणाल्या,
आणि बूट वाजवत गल्ली उतरून गेल्या.

मी दारात उभी. समोरचा जाळीवाला म्हणाला,
काय झालं? एवढं आश्चर्य कसलं?
म्हटलं, कसलं नाही.