सातशे एमबी

तार्तूत, वाचनालयाच्या तळघरात
पाच जण, एक किटली
आणि एका सीडीपुरती जागा.
सातशे एमबी. त्यात अख्खा संसार मांडायचा.

ब्राउझर हवाच, त्यावर भांडण नाही.
भांडण एडिटरवर.
मारिका म्हणाली, हा देखणा आहे,
पण याचा परवाना अर्धा उघडा, अर्धा मिटलेला.
उर्मास म्हणाला, तो दुसरा चपळ खरा,
पण तीन वर्षं त्याच्या चुका कुणी निस्तरल्या नाहीत.
रात्री दोनला बिघडला
तर दार कुणाचं ठोठावायचं?

तिसराच घेतला. हळू चालतो.
त्याचा माणूस पत्रांना उत्तरं देतो.

मग पत्त्यांचा खेळ. बारा एमबी.
"काढा," चौघं एकदम.
हेल्वे चहा ओतत राहिली.
मग म्हणाली, हीउमा बेटावर माझी मावशी
म्हाताऱ्यांना माउस धरायला शिकवते.
बदामाची राणी उचलायची,
काळ्या राजावर नेऊन ठेवायची.
हात थरथरतो, राणी निसटते,
पुन्हा उचलतात.
इन्स्टॉल हा शब्द त्यांना ठाऊक नाही.
जे आहे, तेवढंच त्यांना आहे.

किटली गार होईपर्यंत कुणी बोललं नाही.
उर्मासने चार वॉलपेपर काढले,
त्यातला एक त्यानेच टिपलेला,
गोठलेल्या नदीचा.

तुम्ही यंत्र सुरू कराल,
म्हणाल, हे काय भरून ठेवलंय,
आणि खेळ काढून टाकाल.
टाका खुशाल.
कशालाही धक्का न लागता निघावा
असा सुटाच बांधलाय तो, हेल्वेने.