तोलाईदार

मसाई पठाराच्या कडेला, वाळक्या गवतावर,
आधी मी पंख पसरते.
पंख मी म्हणते. जमीर म्हणतो, कापड.
एकेक कप्पा तोंडाशी उघडून बघायचा;
काल एकात नाकतोडा निघाला,
परवा शेणाची सुकी खपली.
मग दोऱ्या, चिमटीतून सरकवत,
डोळे मिटून. डोळा फसतो.
बोटाला कुठं खरबरीत लागलं
की त्या दिवशी धंदा बंद.
राखीव छत्रीच्या चिठ्ठीवर सहा डिसेंबर,
घडी माझ्या हातची.
कड्या, त्यांचे स्क्रू, पायांचे पट्टे.
पायांचे पट्टे दोनदा.

आणि सपाट दगडावर ठेवलेला काटा.

आदगोंडा मगदूम नातीबरोबर आले,
नव्या ट्रॅक पँटची दुकानातली घडी तशीच.
शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर
चव्वेचाळीस वर्षं तोलाईदार.
"वजन?"
"ब्याण्णव. लिव."
लिहिलं. म्हटलं, तरी काट्यावर या, काका.
"पोरी, उभ्या हयातीत मी काटा मारला न्हाई."

तसं म्हणतच नाही मी.
तुम्ही, मी, पंख, पट्टे, सगळं मिळून
आखलेल्या दोन आकड्यांच्या मधे बसायला हवं.
जड माणसाची धास्ती सगळ्यांनाच असते.
हलक्या पंखाला जोराचा वारा मागं ढकलतो,
कड्यापाठच्या भोवऱ्यात नेऊन टाकतो,
हे कोणी विचारत नाही.

चढले.
एकाहत्तर.

उतरले. काट्याखालचा खडा काढला,
तळहातानं पाटी पुसली, परत चढले.
एकाहत्तर.
"आजी गेल्यापासनं..." नात म्हणाली, आणि गप्प झाली.
ते आकड्याकडं बघत राहिले,
एकवीस किलो माल कुठल्या गाडीतून उतरला
याची पावतीच नसल्यागत.

वारा चोवीस. मधेच एकतीसचा झटका.
"आत्ता नाही उडायचं."
नातीनं पैसे भरलेले, रात्रीची पुण्याची गाडी.
"पैसे परत घ्या," हे वाक्य मला
स्वतःच्या नावाइतकं पाठ आहे.
आदगोंडांनी खाली बोट दाखवलं:
"त्या गुऱ्हाळाचा धूर बघ. आडवा पडलाय.
ताठ उभारला की हाक मार."
ताठ नको, काका. थोडा कललेला,
आपल्या अंगावर येणारा.
"बरं," म्हणाले, आणि जीपच्या चाकाला टेकून
धुरावर नजर ठेवून बसले.
मीही बसले. जमीर झोपला.

सव्वापाचला त्यांनीच हाक मारली.
मी वारा मोजला. तेरा. दहा मिनिटं थांबून पुन्हा. तेराच.
"पळायचं. मी थांबा म्हणेपर्यंत.
पाय सुटले तरी पळायचं. बसायचं नाही."
ते पळाले. जमीन संपली तरी पळत होते,
एसटी चुकणाऱ्या माणसासारखे,
मी थांबा म्हणायचं विसरले म्हणून.

खाली ऊस, खोडव्याची जळकी रानं,
कासारीचं एक वळण, पुढचं धुक्यात.
गूळ उकळल्याचा वास एवढ्या वर येतो
हे मला ठाऊक नव्हतं.
त्यांना वासावरून कळलं,
"काहिल उतरवायला उशीर केला त्यानं. करपतंय."
मग बऱ्याच वेळानं:
"आता किती भरत असंन मी?"
"पट्टा काचत नाही ना, तेवढं सांगा."

हरभरा काढलेल्या रानात उतरलो, उभ्यानं, दोन पावलांत.
घडी घालताना त्यांनी आपणहून दुसरं टोक धरलं,
पट्टीवर पट्टी, हवा बाहेर दाबत,
घाई न करता.
मग वही मागितली.
ब्याण्णववर एकच बारीक रेघ मारली,
शेजारी एकाहत्तर, खाली सही.
मी पांढरी शाई पुढं केली होती, ती परत दिली.
"खोडलेलं वाचता आलं पायजे."

ते गेल्यावर अंधार पडायच्या आत पुन्हा दोऱ्या.
डावीकडं, मागच्या रांगेत, तिसरी:
आवरण उसवलेलं, आतला पांढरा धागा दिसतोय.
लाल फीत बांधली.
त्यांच्या सहीखाली लिहिलं,
उद्या उड्डाण नाही.
जमीर म्हणाला, उद्या रविवार आहे.
म्हटलं, माहीत आहे.